विहिरीतला भंडारा

विहिरीचं पाणी पिवळं झालंय हे पहिल्यांदा कस्तुराबाईला दिसलं, आणि तिथंच सगळं बिनसलं. दुसऱ्या कुणाला दिसलं असतं तर त्यानं नाक मुरडलं असतं, मोबाइलवर फोटो काढून कुठल्यातरी ग्रुपवर टाकला असता, चार दिवस आरडाओरडा झाला असता आणि मग विहिरीवर जाळी ठोकून लोक मोकळे झाले असते. पण त्या सकाळी खंडोबाला अंघोळ घालायला पाणी शेंदत होती कस्तुरा. कळशी वर आली, तिनं ती उन्हात धरली, आणि तोंडातून आपसूक निघून गेलं, "अगं बया! देवाचा भंडारा उतरला की हिरीत!"

रंगच तसा होता. फिका, स्वच्छ, हळदीत बोट बुडवून ते पाण्यात फिरवावं तसा. खंडोबाला हळद वाहतात, तिलाच भंडारा म्हणतात, आणि देऊळ तर विहिरीच्या काठालाच. शिवाय पाणी असं नितळ की तळाचा खडक दिसावा. आधी त्यात शेवाळ असायचं, बेडकं असायची, पाणकिडे असायचे. आता काहीच नव्हतं. कस्तुराला वाटलं, देवानं विहीर झाडून काढली.

उंबरवस्ती म्हणजे महाळुंग्याच्या पुढं, दोन कंपन्यांच्या भिंतींच्या बेचक्यात उरलेली दहा-बारा घरं. जमिनी गेल्या, पैसे आले, पैसे गेले. दत्तोबा आणि कस्तुराच्या वाट्याला उरलं ते एवढं: विहीर, तिच्या काठचं देऊळ, भाड्यानं दिलेलं एक पत्र्याचं शेड आणि भाडेकरूंच्या पाच खोल्या. देवळाची पूजाही कस्तुराकडंच आली होती, कारण गुरवाचा मुलगा कंपनीत लागला आणि त्याची शिफ्ट आणि देवाची आरती काही केल्या जुळेनात.

भंडाऱ्याची बातमी पसरायला वेळ लागला नाही. पहिल्या शिफ्टला जाणारी पोरं बस यायच्या आधी ओंजळभर पाणी पिऊन जाऊ लागली. बायका बाटल्या घेऊन येऊ लागल्या. चाकणहून गाड्या येऊ लागल्या, त्यात एक तर चक्क पांढरी, लांबलचक, ड्रायव्हरसकट. पाणी जरा तुरट लागायचं. त्यानं अंघोळ केली की अंगाला खाज सुटायची. "देवाचं तेज हाय," कस्तुरा सांगायची, "सोसाया नको?" तिला बोलायला येत होतं, आणि इतकी वर्षं कुणी तिला बोलायला लावलंच नव्हतं.

आणि रंभा.

रंभा तिसऱ्या खोलीत राहायची. लातूरकडची पोर, नवरा कंपनीत कंत्राटी हेल्पर. लग्नाला पाच वर्षं झालेली, दोनदा दिवस राहून दोन्ही वेळा गळून गेलेलं. दुसऱ्या वेळेला कस्तुरानंच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं आणि परत येताना तिचं डोकं मांडीवर घेऊन, खड्ड्याखड्ड्याला रिक्षावाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. कस्तुराला स्वतःला मूल नव्हतं. त्याबद्दल ती बोलत नसे. रंभाला मात्र सकाळी पहिली भाकरी तिच्याच तव्यावरची जायची.

आता रंभाला पाचवा लागला होता. पाणी पिवळं झालं त्या दिवसापासून रोज सकाळी देवळासमोर ती हात पुढं करायची आणि कस्तुरा तिच्या ओंजळीत तीर्थ ओतायची, सगळ्यांना पळीभर, हिला तांब्याभर.

"मावशी, पोटात जळजळ व्हायलीय बघा दोन दिस झालं," रंभा म्हणाली.

"केस यायलेत पोराला," कस्तुरानं तिचीच बोली करून दाखवली, आणि दोघी हसल्या.

*

मार्गशीर्ष लागला, देवाचे घट बसले. सहा दिवसांनी चंपाषष्ठी. दरवर्षी वस्तीवरची पाच माणसं तळी उचलायची, वांग्याचं भरीत आणि रोडगा व्हायचा, संपलं. यंदा मात्र अण्णासाहेबांनी मनावर घेतलं होतं. अण्णासाहेब म्हणजे पंचक्रोशीतले पुढारी, निवडणूक जवळ आलेली. मांडव, डीजे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला कागदी कपातून तीर्थ. कस्तुरावर काम होतं आसपासच्या शेडवाल्यांकडून वर्गणी गोळा करायचं. पहिलं शेड तिचंच. तिच्याच भाडेकरूचं.

त्या शेडमध्ये प्लेटिंगचं काम चालायचं. गाड्यांचे सुटे भाग यायचे आणि चकाकून जायचे, एवढंच कस्तुराला ठाऊक. भाड्याचं दत्तोबा बघायचे, ती आत कधी गेली नव्हती. मालक नव्हता. चिमाजी नावाचा कामगार पोर्चमध्ये बसला होता, नाकात कापूस कोंबून.

"काय रं, घोळणा फुटला का?"

"रोजचंच हाय काकू. इथं काम करणाऱ्याच्या नाकाचा पडदा टिकत न्हाई." त्यानं कापूस काढून डोकं मागं केलं. दोन नाकपुड्यांमधून आरपार उजेड दिसला. "नथ घालायची सोय झाली," तो म्हणाला.

कस्तुरा हसली नाही. त्याच्या खांद्यावरून तिला आतल्या टाक्या दिसत होत्या. एकात गडद नारिंगी पाणी. पलीकडच्या धुवायच्या टाकीत तेच पाणी पातळ होऊन पिवळं झालेलं, हळदीत बोट बुडवून फिरवावं तसं. त्या टाकीतून एक काळा पाइप निघाला होता, मागच्या दाराखालून बाहेर.

"ह्यो पाइप कुठं जातो?"

"बोअरमध्ये. तुमच्याच." चिमाजीला नवल वाटलं. "दत्तोबा काकांनीच दाखवली की. म्हणले, कोरडी हाय, किती बी गिळती. दिवाळीपसनं मोटर लावलीय, त्याच्या आधी डबड्यानं वतायचो."

कस्तुरा मागं गेली. शेवग्याच्या झाडाखाली ती बोअर होती. तिला ती खोदल्याचा दिवस आठवत होता. मशीन आख्खा दिवस थडथडलं, काळी पूड वर आली, मग एकदम तांबडी धूळ उडाली, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसली, आणि नंतर पुन्हा काळी पूड, शेवटपर्यंत. पाण्याचा थेंब नाही. दत्तोबा दोन दिवस जेवले नव्हते.

आणि विहीर. विहीर तिच्या सासऱ्यांनी खणली तेव्हा ती नवी नवरी होती, पाट्या उचलायला होती. काळ्या दगडाखाली तांबड्या मातीचा हातभर पट्टा लागला होता, त्याच्याखाली परत काळा दगड. पाणी त्या तांबड्या पट्ट्यातून आलं होतं. सासऱ्यांनी त्या मातीचा टिळा लावला होता सगळ्यांना.

ती शेवग्याला हात टेकून उभी राहिली. पाइपमधून पाणी पडत होतं, खाली कुठंतरी खोल त्याचा आवाज होत होता, आणि विहीर इथून दिसत होती. हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ.

*

"काय बी बोलतीस," दत्तोबा म्हणाले. "बोअर केवढी खोल! हीर तिच्या पुढं पोरगी. पाणी खाली जातंय का वर चढतंय?"

"अवं, पण मधी तांबडा पट्टा हाय ना. हीर त्याच्यातच भरती. तिथनं सुटत आसंल."

"तू कवा गेलतीस बघाया?"

"रंग बघितला मी. त्योच हाय."

 दत्तोबा तंबाखू मळत होते, ती मळतच राहिले. वाईट माणूस नव्हता. जमीन गेल्यापासून कुणी काही विचारलं की पहिल्यांदा हो म्हणायची सवय लागली होती, एवढंच. मग चिमूट ओठात धरून म्हणाले, "आन समज आसंल तसं. सांगणार कुनाला? भंडारा हाय म्हून कोण बोंबललं गावभर? मी?"

कस्तुरा तशीच उठली. ती अण्णासाहेबांकडं गेली. ते मांडववाल्याशी बोलत होते.

"काकू, चंपाषष्ठी होऊ द्या. मग आपण पाण्याचं सॅम्पल देऊ, लॅबमध्ये, व्यवस्थित. माझा शब्द."

"तवर प्यालेल्या मानसांचं काय?"

"तुम्ही महिनाभर पाजताय की. कोण मेलं? उलट माझी शुगर कमी आली." त्यांनी भिंतीला टेकवलेला फ्लेक्स सरळ केला. त्यावर मध्ये खंडोबा होता, वर अण्णासाहेब, आणि कोपऱ्यात हात जोडलेली कस्तुरा. तिच्या आयुष्यातला तो पहिला फ्लेक्स. "फोटो बरा आलाय ना?" त्यांनी विचारलं.

फोटो बरा आला होता, हेच वाईट.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर रंभानं ओंजळ पुढं केली तेव्हा कस्तुरानं तांब्या मागं घेतला. तिला बाजूला, पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. शेड, टाकी, पाइप, चिमाजीचं नाक. रंभा ऐकत होती. तिचे ओठ कडेला सोलवटले होते, ते कस्तुराला आजच नीट दिसले.

"मावशी," रंभा म्हणाली, "एक सांगू का? रागाला येऊ नका."

"सांग."

"पहिलं गेलं तवा मी काय पीत हुते? जारचं पाणी. इकत आणून. दुसरं गेलं तवा? तेच जारचं. लई शुद्ध, शिल मारलेलं. ह्येनं राहिलंय, मावशी. पाचवा लागला मला, कधी लागला नव्हता. आन तुमी म्हणायलाव की इख हाय."

"मी चुकले, पोरी. मला काय कळत हुतं का?"

"तवा कळत नव्हतं, मग आता कसं कळलं?" रंभानं तिच्या हातातून तांब्या घेतला. ओढून नाही, प्रेमानंच, म्हातारीच्या हातून जड काही घ्यावं तसा. देवाकडं तोंड करून तिनं तो घटाघटा रिकामा केला. "घट बसल्यात. तुमाला उपासानं ग्लानी आलीय. च्या प्या साखर घालून."

कस्तुरानं विहिरीची दोर-बादली घरात आणून ठेवली. अण्णासाहेबांच्या पोरांनी मोटर बसवली, आणि विहिरीला नळ आला.

*

गुरुवार होता. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून दुपारी रस्ते रिकामे. कस्तुरा डोक्यावर ऊन घेऊन तळेगावच्या रस्त्याला लागली. तिच्या मनात आता विषाचा विषय राहिला नव्हता. विष कुणाला दिसत नाही, ते समजावून सांगावं लागतं, आणि समजावणाऱ्याला शिक्षण लागतं किंवा खुर्ची. विटाळ कुणाला समजवावा लागत नाही. पाण्यात मेलेलं जनावर दिसलं की माणूस तोंड फिरवतो, मग तो साहेब असो नाहीतर हेल्पर. वर्षानुवर्षं हेच बघत आली होती ती.

कंटेनरच्या रस्त्यावर मेलेलं जनावर शोधावं लागत नाही. दुभाजकाच्या कडेला तांबूस कुत्रं पडलं होतं, फुगलेलं. कस्तुरानं नाकाला पदर बांधला, काठीनं ढकलून ते युरियाच्या पोत्यात घातलं. एक रिक्षा थांबली. "काकू, काय नेताय? सोडू का?"

"कोंबड्यांचं खाद्य हाय. जा तू."

पोतं ओढत आणताना तिला रडू आलं नाही. देवळाजवळ आल्यावर आलं. तिनं देवाकडं पाठ केली, पोत्याचं तोंड उघडलं आणि विहिरीत रिकामं केलं. आवाज फार झाला नाही. मग खोल्यांच्या मागच्या मोरीत बसून तिनं हात धुतले. साबणानं, राखेनं, फिनेलनं, परत साबणानं. रंभा दोरीवरचे कपडे काढायला आली होती. "काय सांडलं हातावर, मावशी?" म्हणाली. कस्तुरानं फिनेलची बाटली मागं सारली.

संध्याकाळी मांडववाल्यांनी पाहिलं आणि बोंब उठली. अर्धी वस्ती काठावर वाकली. बायका ओकाऱ्या काढत मागं सरल्या. कुणीतरी म्हणालं, आता कसलं तीर्थ अन् कसलं काय. कस्तुरा दारात उभी राहून ऐकत होती. 

अण्णासाहेब आले. काठावर उभे राहून त्यांनी बराच वेळ खाली पाहिलं. पुढारी उगाच होत नाही कुणी. त्यांनी पायातल्या चपला काढल्या, हात जोडले.

"कुत्रं कुणाचं असतं?" त्यांनी विचारलं.

बायकांनी नाकावरचे पदर खाली घेतले.

"अरे, खंडोबाच्या पायाशी कोण असतं? देवळात बघा जाऊन. चंपाषष्ठीच्या तोंडावर मालकाच्या विहिरीत आलं ते. त्याला माणसासारखं माती द्या. पाणी उपसा, विहीर नवी करा. देवाला जुनं पाणी नको होतं, एवढं कळत नाही तुम्हाला?"

कस्तुरानं दाराची चौकट धरली. देवळातल्या पितळी कुत्र्याला ती रोज चिंचेनं घासत होती. रोज. आणि भर दुपारी, भर रस्त्यात, तिला ते आठवलं नव्हतं. तिथं गाढव असतं, डुक्कर असतं, तर? पण त्या रस्त्यावर मरायला कुत्रीच यायची.

कुत्र्याला भगव्या कापडात गुंडाळून देवळामागं पुरलं. अण्णासाहेबांच्या दोन मोटरी लागल्या. पिवळं पाणी ओढ्याला गेलं, तिथून इंद्रायणीच्या वाटेला. तळ उघडा पडला, पोरांनी उतरून ब्लीचिंग पावडरनं तो खरवडला. आणि विहीर रिकामी झाली तसा तांबडा पट्टा वाहू लागला. आता त्याला अडवायला वरचं पाणी नव्हतं. शेवग्याच्या अंगानं जे आत साठून राहिलं होतं ते सगळं ओढ लागल्यासारखं आलं. सकाळपर्यंत विहीर अर्ध्यावर भरली. आणि पाणी नुसतं पिवळं नव्हतं. झेंडूसारखं होतं.

"येळकोट येळकोट!" पहिल्या बघणाऱ्यानं आरोळी ठोकली, आणि वस्ती दणाणली, "जय मल्हार!"

*

चंपाषष्ठीला एवढी माणसं आली की कंपनीच्या गेटपर्यंत रांग गेली. कागदी कपांचे उभे मनोरे. डीजेचा आवाज छातीत हादरत होता. तळी उचलायची वेळ झाली तेव्हा तो थांबवला, आणि त्या शांततेत कस्तुरा मांडवातल्या स्टेजवर चढली. तिला चढू दिलं. फ्लेक्सवर होती ना ती.

"ऐका," ती म्हणाली. "त्यो देवाचा कुत्रा न्हवं. त्यो तळेगावच्या रस्त्यावर मेल्याला. मी आणला, पोत्यात घालून. मीच टाकला हिरीत. ह्या हातांनी. ते पाणी पिऊ नका. आन त्यो भंडारा न्हाई, आमच्या शेडातलं घाण पाणी हाय, आमच्या बोअरमधनं येतंय."

पुढच्या रांगेतल्या एका बाईनं हात जोडले. मग दुसरीनं. "वारं आलं काकूंच्या अंगात," कुणीतरी हळूच म्हणालं. अण्णासाहेबांनी पुढं होऊन तिच्या कपाळाला भंडारा लावला, दोघा पोरांना डोळ्यानं खुणावलं, आणि पोरांनी तिला दंडाला धरून आदरानं खाली उतरवलं. दत्तोबा मांडवाच्या खांबाशी उभे होते. ते खाली बघत होते. तळी उचलली गेली. कप फिरू लागले.

एकच बाई जागची हलली नाही. रंभाच्या हातात कप होता. भरलेला.

"मावशी," ती म्हणाली. आवाज एवढा बारीक की कस्तुराला तोंडावरून कळला. "गुरवारी मोरीत तुमी हात धुवायलता. फिनेल लावून."

"व्हय."

"खरंच टाकलाव तुमी? मढं?"

"व्हय, पोरी."

"मी काल सकाळीबी प्याले की. नवं पाणी म्हणून. समद्यांच्या आदी प्याले." कप तिच्या हातातून पडला. ती दुमडली, मांडवाच्या कनातीला धरून ओकली, पुन्हा ओकली, पोट दोन्ही हातांनी धरून. कस्तुरा पुढं झाली तर तिनं कोपरानं ढकललं. "हात लावू नका! तुमास्नी माझं पोर बघवंना. तुमाला न्हाई झालं तर... तर देवाचं पाणी नासवलाव तुमी!"

शेडचं, टाकीचं, पाइपचं तिनं ऐकलंच नव्हतं. मेलेलं कुत्रं तेवढं ऐकलं होतं. कस्तुराच्या जिभेवर आलं होतं, तसं न्हाई गं. पण ते बोलली असती तर रंभा उद्या परत ओंजळ घेऊन आली असती.

"न्हाई बघवत मला," कस्तुरा म्हणाली. "लांब ऱ्हा माझ्यापसनं. ह्या हिरीचं थेंबभर बी तोंडात घिऊ नको. परत टाकंन मी काय बी."

रंभानं तिच्याकडं पाहिलं. तसं कस्तुराकडं आजवर कुणीच पाहिलं नव्हतं, सासूनंसुद्धा. दिवस मावळायच्या आत तिसरी खोली रिकामी झाली. गॅसची शेगडी, गादीची वळकटी आणि ट्रंक टेम्पोत चढली. जाताना रंभाच्या नवऱ्यानं किल्ली दत्तोबांच्या हातात दिली. कस्तुराच्या नाही.

*

त्यानंतर पाणी तपासलं गेलं नाही. अण्णासाहेब निवडून आले, विहिरीला स्टीलचं रेलिंग आलं. चिमाजी गावाकडं गेला, त्याच्या जागी दुसरा आला. दत्तोबांनी एका सकाळी बोअरचं तोंड सिमेंटनं बुजवलं. कस्तुरानं ते दारातून पाहिलं. मालकानं पाइप सरळ ओढ्यात सोडला. तांबड्या पट्ट्यात जे मुरलं होतं ते मुरलंच होतं. पाणी पिवळंच राहिलं, लोक येतच राहिले. पूजेला आता अण्णासाहेबांनी पगारी माणूस ठेवलाय.

माघ संपताना एका शनिवारी कस्तुरा चाकणच्या बाजाराला गेली होती. कांद्याच्या ढिगापलीकडं तिला रंभा दिसली. चेहरा उतरला होता, पाय सुजले होते, पण पोट पुढं आलं होतं, चांगलं गोल, चालताना कमरेवर हात ठेवावा लागेल एवढं. आठवा असणार. कस्तुरा पोटाकडं बघत राहिली. आतलं पोर धड आहे की कसं, महिनाभराच्या त्या तांब्यांनी त्याचं काय केलंय, ते बाहेरून दिसत नव्हतं.

रंभानं वर पाहिलं. तिनं चटकन पदर पोटावरून ओढून घेतला, नजर लागू नये म्हणून ओढतात तसा, आणि पिशवी तिथंच सोडून गर्दीत शिरली. कांदेवाली हाका मारत राहिली, "ओ ताई, ओ ताई, पिशवी!"

कस्तुरानं पिशवी उचलली. आत मेथीची जुडी होती, दोन टमाटे होते आणि एक पाण्याची बाटली, दुकानातली, सील न फोडलेली.

"तुमच्या वळखीच्या हायत का?" कांदेवालीनं विचारलं.

"न्हाई," कस्तुरा म्हणाली. "पर तिकडं भाजीच्या गल्लीला गेल्यात बघ. कुणासंगं तरी धाडून दे ही पिशवी. मी दिली म्हून सांगू नको."